फाटक दहा मिनिटांपेक्षा जास्त बंद ठेवायचं नाही, असा कायदा राज्य सरकार करू शकतं का?

कपाशीवाला_आप्पा

नमस्कार मंडळी. प्रश्नाला जरा लांबड लागणार आहे, सांभाळून घ्या.

आमचं गाव खान्देशातलं, नाव नको, उगाच वाद. गावठाण रेल्वे लाईनच्या अलीकडे आणि निम्म्याहून जास्त शेतं पलीकडे, मधे फाटक. मालगाड्या वाढल्यापासून फाटक कधी पंधरा मिनिटं तर कधी पंचवीस मिनिटं बंद असतं, कापसाच्या दिवसात तर ट्रॅक्टरची रांग पार मारुतीच्या पारापर्यंत येते. त्यात मागच्या महिन्यात माझ्या चुलतभावाची गाभण गाय दावं तोडून लाईनवर गेली, कुंपण नाहीच तिथे. सकाळी जाऊन पाहिलं तर कानातला पिवळा बिल्ला तेवढा शाबूत, बाकी पाहवत नव्हतं. भाऊ म्हणे गाय आपली आहे असं सांगूच नको, उलट आपल्यावरच केस व्हायची. मी म्हटलं अरे बिल्ल्यावर बारा आकडी नंबर आहे, लपवशील कुठे.

तर १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत हा विषय निघाला आणि तासभर तोच चालला. सरपंचांचं म्हणणं असं की ठराव करायचा, दहा मिनिटांच्या वर फाटक बंद ठेवलं तर दंड, आणि लाईनीला दोन्ही बाजूंनी कुंपणाची सक्ती. एक कॉलेजचा पोरगा म्हणाला ठरावाला कोण विचारतं, आमदारांना सांगून विधानसभेतच कायदा करून घेऊ, अमेरिकेत राज्यं असे कायदे करतात. तेवढ्यात आमचे आबा उठले, "रेल्वेना कायदा, रेल्वेनं फाटक, मंग आपलं काय शे?" सगळे हसले, पण उत्तर कोणाकडेच नव्हतं.

तर असा कायदा होऊ शकतो का, आणि झाला तर कोर्टात टिकेल का? कोणी जाणकार असेल तर सांगा. (लाईनच्या भरावाखालची मोरी गाळाने भरलीये आणि पावसाळ्यात पलीकडच्या चार-पाच शेतांत पाणी तुंबतं, तो वेगळा विषय, त्यावर नंतर कधीतरी.)

तिसरा_अटेम्प्ट

सोप्पंय आप्पा. राज्याने कायदा करायचा आणि राष्ट्रपतींची संमती आणायची, राज्यघटनेचं कलम २५४(२). बैलगाडा शर्यतीचं असंच केलं की आपल्या सरकारने २०१७ ला, आणि २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो कायदा मान्य पण केला. रेल्वेचं का नाही होणार?

भत्तावाला

माझ्या मावसभावाची भेळभत्त्याची गाडी अशाच एका फाटकावर उभी असते, पंचवीस मिनिटं बंद म्हणजे त्याची दिवाळी. कायदा करताना गरिबाच्या पोटावर पाय देऊ नका 😄

काळा_कोट_जळगाव

तिसरा अटेम्प्ट, परीक्षेत हे लिहू नकोस भाऊ, मार्क जातील. बैलगाडा शर्यतीत २५४(२) चाललं कारण प्राण्यांना क्रूरतेने वागवू नये हा विषय समवर्ती सूचीत आहे, नोंद १७. तिथे संसद आणि विधानसभा दोघांनाही कायदा करता येतो, दोघांचे कायदे एकमेकांना आडवे आले की मग २५४ उघडायचं. रेल्वे समवर्तीत नाहीच. ती संघ सूचीत, नोंद २२, पुढेमागे काही नाही, नुसता 'रेल्वे' हा शब्द. कलम २४६ प्रमाणे तो विषय एकट्या संसदेचा. विधानसभेला जो अधिकार मुळातच नाही तो राष्ट्रपतींच्या सहीने येत नाही, दहा वेळा सही झाली तरी.

आता आप्पा तुमच्या फाटकावर उभं राहून बघा, फार मजेशीर चित्र आहे. जो ट्रॅक्टर उभा आहे तो समवर्ती सूचीत (नोंद ३५, इंजिनावर चालणारी वाहनं), तो ज्या रस्त्यावर उभा आहे तो राज्य सूचीत (नोंद १३, रस्ते आणि पूल), आणि ज्या मालगाडीसाठी तो उभा आहे ती संघ सूचीत. तुमच्या भावाची गाय सुद्धा राज्याकडे, नोंद १५ पशुधन आणि नोंद १६ कोंडवाडे आणि मोकाट गुरांचा बंदोबस्त. इतकंच नाही, लाईनवर माणूस मेला तर पंचनाम्याला येणारे रेल्वे पोलीस पण राज्याचे, राज्य सूचीतल्या नोंद २ मध्ये 'रेल्वे व ग्राम पोलीस धरून' असं स्पष्ट लिहिलंय. आरपीएफ (रेल्वे सुरक्षा बल) मात्र केंद्राचं. म्हणून तर आरपीएफला पोलिसांसारखे जास्त अधिकार द्यायचा विषय निघाला की राज्यं ओरडतात, पोलीस हा आमचा विषय म्हणून.

मग कोर्ट काय बघतं? कायद्याचा गाभा कशात आहे ते बघतं. राज्याने रस्त्यांचा कायदा केला आणि त्याचा रेल्वेला जाता जाता थोडा धक्का लागला तर कायदा टिकू शकतो. पण 'फाटक किती वेळ बंद' याचा गाभा सरळ सरळ रेल्वे चालवण्यात आहे, त्याला रस्त्याचा कायदा असं नाव दिलं तरी कोर्ट आत डोकावून बघणारच. हे विधानसभेचं झालं, ग्रामपंचायतीचा ठराव तर त्याहून खालची पायरी. दंडाचं विसरा.

उलट फाटकाच्या बाबतीत केंद्राचा कायदा तुमच्यावरच आहे, रेल्वे अधिनियम १९८९ कलम १६०. बंद फाटक उघडलं तर तीन वर्षांपर्यंत, तोडलं तर पाच वर्षांपर्यंत कैद. पोरांना सांगून ठेवा.

गार्डसाहेब_भुसावळ

मी वकील नाही, छत्तीस वर्षं लाल-हिरवी झेंडी हलवली आहे. (आता म्हणे गार्ड म्हणायचं नाही, ट्रेन मॅनेजर म्हणायचं. आमच्या हिला अजून सवय झाली नाही, ती शेजाऱ्यांना 'आमचे गार्डसाहेब' असंच सांगते.)

आप्पा, गेटमनला शिव्या घालण्याआधी एक गोष्ट समजून घ्या. इंटरलॉक फाटकाला त्याच्या हातात फारसं काही नसतं. फाटक पडून लॉक झाल्याशिवाय गेटचा सिग्नल उतरत नाही, आणि सिग्नल दिला की गाडी जाईपर्यंत फाटक उघडत नाही. जिथे इंटरलॉक नाही तिथे स्टेशन मास्तर फोनवर कळवतो, गेटमन फाटक लावून त्याला प्रायव्हेट नंबर (खुणेचा आकडा) देतो, तो वहीत चढतो, मग पुढचं. आता तुमचा दहा मिनिटांचा कायदा आला असं धरा. दहा मिनिटं झाली, गेटमनने फाटक उघडलं, म्हणजे सिग्नल लाल. अठ्ठावन्न डब्यांचा रेक आला आणि सिग्नलला उभा राहिला. त्याची शेपटी कुठे असेल सांगा? मागच्या गावच्या फाटकात! तुमचे ट्रॅक्टर सुटले, त्यांचे अडकले. आणि तो भरलेला रेक परत उचलायला जो वेळ लागतो तो ड्रायव्हरलाच विचारा.

रुळाच्या कडेला पिवळ्या पाटीवर 'सी/फा' लिहिलेलं पाहिलं असेल, सीटी बजाओ फाटक आहे. आमच्या गार्डच्या डब्यातून एकेक पाटी मागे जाताना मोजत बसायचो रात्री, झोप येऊ नये म्हणून. एकेका सेक्शनला किती फाटकं असतात याचा बाहेरच्या माणसाला अंदाज नाही. प्रत्येक गावाचा वेगळा नियम म्हटलं तर भुसावळहून निघालेली गाडी इगतपुरी कधी बघेल?

चोपड्याचा_ओहायोत

गार्डसाहेब, तुम्ही आत्ता जे बोललात तेच अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १९१७ मध्ये म्हटलंय, खरंच.

मी चोपड्याचा, बारा वर्षं झाली ओहायोत आहे. तिकडे जॉर्जिया राज्याचा कायदा होता की प्रत्येक क्रॉसिंगच्या आधी इंजिनाने शिट्टी मारायची आणि वेग इतका कमी करायचा की कोणी आडवं आलं तर गाडी थांबवता आली पाहिजे. ऐकायला किती चांगलं. पण अटलांटापासून राज्याच्या हद्दीपर्यंत १२३ मैल आणि त्यात १२४ क्रॉसिंग! रेल्वे कंपनीने कोर्टात हिशेब मांडला की साडेचार तासांचा प्रवास, त्यात सहा तासांहून जास्त भर पडते. कोर्टाने कायदा उडवला, म्हणाले राज्याला सुरक्षेचे नियम करता येतात पण राज्याराज्यांमधला व्यापारच अडवून धरता येत नाही.

दुसरी गोष्ट आप्पांच्या जास्त कामाची. ॲरिझोनाने १९१२ साली कायदा केला, पॅसेंजर गाडीला १४ डब्यांच्या वर नाही आणि मालगाडीला ७० च्या वर नाही, कारण लांब गाडीला हिसके जास्त बसतात आणि कामगार जखमी होतात. हा कायदा १९४५ मध्ये उडाला. आणि त्यात कोर्टाने बघितलेला मुद्दा असा की गाड्या छोट्या केल्या तर गाड्यांची संख्या वाढते, आणि संख्या वाढली की क्रॉसिंगवरचे अपघात वाढतात. म्हणजे एका टोकाला वाचवलेलं दुसऱ्या टोकाला गेलं. दोन न्यायाधीशांना मात्र हे अजिबात पटलं नव्हतं, त्यांचं म्हणणं किती धोका पत्करायचा हे कोर्टाने नाही, निवडून दिलेल्या लोकांनी ठरवावं. मला वाचताना त्यांचंच बरोबर वाटलं होतं, पण गार्डसाहेबांचं वाचून परत डोकं फिरलं.

आणि कॉलेजचा पोरगा जे म्हणाला ते अर्धं खरं आहे. इथे १९७० चा केंद्राचा रेल्वे सुरक्षा कायदा आहे, त्यात राज्यांना एक खिडकी ठेवलीये. केंद्राने एखाद्या मुद्द्यावर नियम केला नसेल तोवर राज्य करू शकतं, आणि एखादा धोका फक्त त्या जागेपुरता असेल तर केंद्रापेक्षा कडक नियमही करू शकतं, काही अटींवर. त्या भरवशावर आमच्या ओहायोत कायदा होता, पाच मिनिटांच्या वर गाडीने रस्ता अडवायचा नाही. तुमच्यापेक्षा पाच मिनिटं कमीच! एका रेल्वे कंपनीने दंडाला आव्हान दिलं आणि २०२२ मध्ये ओहायोच्याच सुप्रीम कोर्टाने कायदा निकामी ठरवला, केंद्राच्या कायद्यापुढे चालत नाही म्हणून. न्यायाधीशांचं कारणांवर एकमत नव्हतं, पण कायदा गेला तो गेलाच. केस वर गेली, २०२४ च्या जानेवारीत वॉशिंग्टनवाल्यांनी ऐकायलाच नकार दिला. आता मालगाडी आडवी असली की आम्ही पण गाडीत बसून चहा पितो, फरक इतकाच की इथे भत्ता मिळत नाही.

तिसरा_अटेम्प्ट

ओके, २५४ चा हट्ट सोडला 🙏 पण मग एक विचारतो, अमेरिकेत कंपनी कोर्टात जाते. आपल्याकडे कोण जाणार, रेल्वे स्वतः सरकारच आहे ना?

काळा_कोट_जळगाव

चांगला प्रश्न. म्हणूनच आपल्याकडे या विषयावर त्यांच्यासारखे निकालांचे ढीग नाहीत. राज्याने असा कायदा केलाच तर केंद्र कलम १३१ खाली थेट सुप्रीम कोर्टात राज्याविरुद्ध दावा लावू शकतं. पण बहुतेक वेळा तिथवर जातच नाही, पत्रव्यवहार, बैठका, खर्च कोणाचा यातच वर्षं जातात. आपल्याकडचं भांडण अधिकारापेक्षा पैशाचं जास्त.

कॅनडाचं सांगायचं राहिलं. एलएलएमला असताना दोन केसेस वाचल्या होत्या, दोन्ही १८९९ च्या, दोन्ही लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलच्या (तेव्हा इंग्रजांच्या वसाहतींचं सगळ्यात वरचं कोर्ट), आणि आप्पांच्या कंसातल्या वाक्याने त्या आठवल्या. तिथेही प्रांताबाहेर जाणारी रेल्वे केंद्राकडे.

पहिली केस म्हणजे तुमच्या भावाची गाय. ब्रिटिश कोलंबिया प्रांताने कायदा केला की रेल्वेने कुंपण घातलं नसेल आणि त्यामुळे गुरं मेली तर भरपाई रेल्वेने द्यायची. थेट 'कुंपण घाला' असं नव्हतं म्हटलं, वकिली डोकं लावलं होतं. प्रिव्ही कौन्सिलने ओळखलं, म्हणाली हे पुढच्या दाराने येता येत नाही म्हणून मागच्या दाराने येणं झालं, कायदा बाद.

दुसरी क्यूबेकमधल्या एका छोट्या गावाची. कॅनेडियन पॅसिफिकच्या लाईनशेजारचा चर तुंबला आणि पाणी शेजारच्या शेतात घुसलं. गावाच्या पंचायतीने नोटीस काढली की चर साफ करा. रेल्वे म्हणाली आम्ही केंद्राच्या कायद्याखाली, तुम्ही कोण? आणि इथे गाव जिंकलं! चर कसा बांधायचा, किती खोल, त्याची रचना बदलायची का, हे सांगायचा अधिकार गावाला नाही. पण तुंबलेला चर उपसा, हे गावातल्या कुठल्याही जमीनमालकाला जसं सांगता येतं तसंच रेल्वेलाही सांगता येतं.

कायद्याचा 'गाभा' बघायची पद्धत आपल्या कोर्टांनी याच कॅनडाच्या निकालांच्या वाटेने घेतली, १९४७ मध्ये बंगालच्या सावकारी कायद्याच्या केसमध्ये प्रिव्ही कौन्सिलने ती आपल्याला लावली. क्यूबेकचा निकाल उचलून तसाच इकडे चालणार नाही, पण तुम्हाला त्याची गरजही नाही. आपल्या रेल्वे अधिनियमाचं कलम १६ वाचा. लाईन टाकण्याआधी आजूबाजूच्या जमिनीतून पाणी जसं वाहून जात होतं, शक्यतो तसंच वाहून जाईल इतक्या मोऱ्या, नाल्या रेल्वेने बांधायच्या 'आणि राखायच्या' असं त्यात आहे. बांधायच्या एवढंच नाही, राखायच्या पण.

त्याच कलमात एक खोच आहे, लाईन सुरू होऊन दहा वर्षं झाली की नवीन किंवा जास्तीच्या कामाचा खर्च रेल्वेवर असा सहज टाकता येत नाही. आपल्याकडच्या लायनी इंग्रजांच्या काळातल्या, ती दहा वर्षं आपल्या पणजोबांच्या वेळीच संपली. पण गाळ काढणं हे नवीन काम नाही, असलेली मोरी राखणं आहे. आप्पा, तुम्ही जो विषय 'नंतर कधीतरी' म्हणून कंसात टाकला, अख्ख्या ग्रामसभेत तुमच्या हातात कायद्याने खरं काही असेल तर तो तेवढाच आहे.

कपाशीवाला_आप्पा

वाचतोय आणि डोकं खाजवतोय. म्हणजे ज्याच्यावर तासभर भांडलो त्याला बुड नाही, आणि ज्याच्यावर कोणी बोललंच नाही तिथे कलम आहे. मोरीवाले शेतकरी त्या दिवशी मागे बसले होते, गप्प. मग फाटकाचं काहीच होणार नाही का?

काळा_कोट_जळगाव

कायदा करून नाही, कायदा वापरून होईल. कलम १७ प्रमाणे राज्य सरकार किंवा स्थानिक संस्था जास्तीचं काम मागू शकते, पण स्वतःच्या खर्चाने. कलम १९ प्रमाणे रस्ता ज्याच्या ताब्यात आहे तो म्हणू शकतो की लोकांच्या सुरक्षेसाठी फाटकाऐवजी पूल किंवा बोगदा करा, मग खर्चाचा वाटा ठरतो. तुमचा रस्ता ग्रामपंचायतीचा आहे, जिल्हा परिषदेचा की बांधकाम खात्याचा, ते आधी बघा. चुकीच्या दारात अर्ज गेला की दोन वर्षं गेली. आणि अगदीच कोणी ऐकलं नाही तर औरंगाबाद खंडपीठ आहे, पण तिथे 'रेल्वेचा कायदा रद्द करा' म्हणून जायचं नाही, 'रेल्वेने कलम १६ पाळावं' म्हणून जायचं.

गार्डसाहेब_भुसावळ

वकील साहेब बरोबर बोलले. फक्त बोगदा मागताना विचार करा, एका रोगावर औषध घेऊन दुसरा आणू नका. बोगद्यात पाणी साचलं की फाटक बरं होतं म्हणायची वेळ येते. जमीन सखल असेल तर पूलच मागा.

पुलासाठी टीव्हीयू, म्हणजे ट्रेन व्हेइकल युनिट, बघतात. दिवसभरातल्या गाड्या गुणिले दिवसभरातली रस्त्यावरची वाहनं. एक लाखाच्या वर गेलं तर निम्मा खर्च रेल्वेचा निम्मा राज्याचा, साधारण असं चालत आलंय. समजा दिवसाला शंभर गाड्या, तर हजार वाहनं दाखवावी लागतील. ट्रक, ट्रॅक्टर एक युनिट, बैलगाडी पण पूर्ण एक युनिट, रिक्षा मात्र अर्धं. मोजणी ज्येष्ठात झाली तर रस्त्यावर काळं कुत्रं नसतं, कापूस निघाल्यावर व्हायला पाहिजे. हे कोणी सांगत नाही, मी सांगतो.

आणि कुंपण होईपर्यंत गुरं बांधा. तो धक्का इंजिनात बसलेल्या माणसालाही बसतो. माझ्याबरोबरचा एक ड्रायव्हर म्हैस आडवी आल्यावर दोन दिवस जेवला नव्हता. २०२५ च्या जानेवारीत पाचोऱ्याजवळ परधाड्याला पुष्पकमधली माणसं आगीच्या अफवेने खाली उतरली आणि शेजारच्या लाईनवरून कर्नाटक एक्सप्रेस आली, ती बातमी आल्यावर आम्ही रिटायर मंडळी रोज कट्ट्यावर बसतो ना, त्या संध्याकाळी कोणी बोललंच नाही.

चोपड्याचा_ओहायोत

बैलगाडी एक युनिट आणि रिक्षा अर्धं, हे मी इथे ऑफिसात सांगितलं तर कोणी विश्वास ठेवणार नाही.

कपाशीवाला_आप्पा

मंडळी, अपडेट. सरपंचांकडे बसलो होतो आत्ता. दंडाचा ठराव फाडला. नवीन दोन लिहिले, एक मोरीचा गाळ काढण्याबद्दल कलम १६ चा उल्लेख करून, चारही गट नंबर टाकून आणि पाण्यातल्या कपाशीचे फोटो जोडून. दुसरा पुलासाठी, रस्ता जिल्हा परिषदेचा निघाला म्हणून तो तिकडे. कॉलेजच्या त्या पोराला दसऱ्यानंतर फाटकावर वही घेऊन बसवणार आहोत, सरकारी मोजणी होईल तेव्हा होईल, आपला आकडा आपल्याकडे असावा. भत्तावाले, तुमच्या मावसभावाला सांगा पोराला दिवसभर बसायचंय, उधारी चालेल का.

आबांना वाचून दाखवलं सगळं. बैलगाडीला पूर्ण एक युनिट म्हटल्यावर खुश झाले, म्हणाले मी रोज चार चकरा मारतो.